भारतच्या मायचं लुगडं

— न्हाई, तुमाला बराबर दिसलं. लुगडंच हाय हे. बाईचं लुगडं, अन् ते माझ्याच खांद्यावर हाय. सकाळी माळावर गार वारं सुटतं म्हणून घेतलं, असं सांगणार व्हतो मी — पण शिमगा होऊन गेला, ऊन चढलं, तुमच्या कपाळावर घाम आला अन् मी तुमाला थंडीचं सांगून राहिलो, ते काय पटणार हाय काय? बसा शेठ. त्या घोंगडीवर बसा, खाली ढेकळं टोचतील. भारत तर म्हणला व्हता तुमी दुपारून येणार, जेवणं झाल्यावर, त्यो बी तवाच येणार. तुमी लवकर आले. तुमचा काय दोष, रस्ता मोकळा लागला असंल. पण त्याच्यामुळं हे पाहिलं तुमी. गावाकडून कोणी येताना दिसलं की मी हे काढतो, घडी करतो अन् त्या पिशवीत ठेवून देतो — तुमी आले पुलाकडून, त्या अंगाला माझं ध्यान नव्हतं. आता पाहिलं तर पाहिलं. हसायचं तर हसा. पण भारतपाशी बोलू नका. पोराला वाटंल बाप पागल झाला, अन् पोरगं आधीच लई परेशान हाय माझ्यापायी.

भारतच्या मायचं हाय हे. व्हय, तीच. महिना झाला तिला जाऊन, वर थोडे दिवस. तुमाला फोनवर सांगितलंच असंल त्यानं — माय गेली, बाप थकला, मेंढरं इकायची. बराबर सांगितलं. सत्यभामा तिचं नाव. जिती व्हती तवर म्या ते कधी तोंडानं घेतलं न्हाई, आमच्यात घेत न्हाईत. पैले नुसतं 'अगं' व्हतं, मंग 'भारतची माय' झालं, अन् तेवढ्यावर समदा जलम निघाला. ती गेल्यावर ग्रामपंचायतीतलं पोरगं इचारतं, आजोबा, मयताचं नाव सांगा — तर मी उभाच. म्हाईत व्हतं हो, पण तोंडातून निघंना. मागून भारतनं सांगितलं. आता घेतो मी. आता कोण लाजणार हाय? दिवसातून एकदोनदा घेतो, इथंच, मेंढरांत बसून. त्यांना काय, ती रवंथ करतात.

भारतचं कनेरगाव नाक्यावर पंक्चरचं दुकान हाय, वाशीमकडं जाताना डाव्या हाताला, ढाब्याच्या बाजूला — पाहिलं असंल तुमी. दुकानामागं खोली काढली त्यानं माझ्यासाठी. पंखा बसवला. सून बी चांगली हाय, निर्मलाबाई, माझे दात गेले म्हणून भाकर दुधात भिजवून ठेवती, न सांगता. धाकटा प्रभू पुण्याला, कंपनीच्या गेटवर उभा राहतो शिट्टी घेऊन. मेंढरामागं कोण फिरणार? दोघं बी म्हणतात, आबा, बस झालं आता. म्या बी व्हय म्हणलं. कोणी जबरदस्ती केली न्हाई शेठ, हे तुमी ध्यानात घ्या, उद्या गावात असं बोललं जायला नको की पोरांनी बापाची मेंढरं फुकली. किमतीचं तुमचं-भारतचं जे ठरलं ते ठरलं, मला सांगू बी नका. मला कंटाळा आलाय. खरं सांगतो. बायको मेली की माणसाला रडू येतं म्हणतात — मला कंटाळा आला. सकाळी डोळा उघडला की पैला इचार हाच येतो, की अजून एक दिवस हाय, अन् तो बी चालायचा हाय.

डायवर चहाला गेला ना तुमचा? मंग घाई काय. घ्या, तो तांब्या तुमच्याच हातापाशी हाय, पाणी घ्या.

ती काळ्या तोंडाची पाहिली, कडंला, कान हलवून राहिली ती? तिच्या आजीची आजी, अजून तिच्या बी मागची, सत्यभामाच्या बापानं आंदणात दिली व्हती. आमच्यात देतात पोरीला एक मेंढी. तिचं माहेर पुसेगावचं. वरात निघाली तर नवरी पुढं अन् मेंढी तिच्या मागं, दोरी न्हाई काय न्हाई, जशी काय तिला बी सासरी जायचं व्हतं. माझ्या चुलत्यानं मस्करी केली, म्हणे नामाजी, एकीच्या भावात दोन मिळाल्या तुला. समदे हसले. नवरीनं मान वर केली अन् म्हणली, दोघींना खायला घालायची ऐपत हाय ना तुमच्या पुतण्याची? — नवी नवरी हो, हळद उतरली नव्हती अंगाची. मी तिथंच ओळखलं की ही बाई आपल्याला काय सुखानं बसू देणार न्हाई. अन् न्हाईच बसू दिलं. आता बसलोय तर बसवत न्हाई.

दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड निघायचं. तुमी मेंढरं घेणारे, तुमाला काय सांगायचं, पण तुमी टेम्पोतून पाहता, आमी पायानं पाहिलं. शेतं मोकळी झाली की लोक आपल्या रानात मेंढरं बसवतात. रातभर बसली की रानाला खत होतं, त्याच्या बदल्यात आमाला ज्वारी. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या रानात, असं करत करत वाशीमच्या पल्याड, मंग पावसाच्या तोंडाला माघारी. मी मेंढरामागं, ती पुढं — घोड्यावर भांडी, घोंगड्या, कोंबड्याचं डालगं, त्याच्यावर लेकरू बांधलेलं, अन् हातात आज व्यालेल्या मेंढीचं पिलू. प्रभू झाला तो वाटंतच झाला. कनेरगावच्या अल्याड एक बाभळ व्हती, आता रस्ता रुंद केला त्यात गेली. म्हणली, तुमी मेंढरं घेऊन व्हा पुढं, मी येते. मला काय म्हाईत? मला वाटलं पायात काटा मोडला असंल. एक तांड्यावरली बाई सरपण घेऊन चालली व्हती, रूपाबाई नावाची, तिनं समदं केलं. मी माघारी आलो तर लेकरू झालेलं, अन् ही त्या रूपाबाईला म्हणून राहिली, बाई, तुला द्यायला जवळ काय न्हाई, एक कोंबडी घेऊन जा. अन् मला म्हणली, काहून उभे राहिले, ती पांढरी मेंढी खोड्यात पाय अडकवून बसली, ते दिसत न्हाई काय? तिसऱ्या दिवशी परत चालाय लागली. म्या म्हणलं घोड्यावर बस. तर म्हणती, घोड्यावर बसले तर मेंढरांना मी दिसणार न्हाई.

हे बराबर ध्यानात घ्या, ती चुकीचं बोलली न्हाई. मेंढरं तिला पाहून चालायची. लोक म्हणायचे नामाजीचं खांड, नामाजीचं खांड — कळपाला आमी खांड म्हणतो — अन् मी बी मान डोलवायचो. पण नामाजी मागं काठी आपटत यायचा. चालायचं ते पुढंच्या बाईकडं पाहून.

तोंडाची लई तिखट. एका रानमालकानं आठ रोज मेंढरं बसवून घेतली अन् द्यायच्या टायमाला किडकी ज्वारी पुढं केली. मी आपला पोतं उचलाय लागलो, भांडण कोण करणार. हिनं मूठभर ज्वारी घेतली, त्याच्या बायकोच्या ओट्यावर नेऊन ठेवली अन् म्हणली, बाई, याची एक भाकर करून तुमच्या लेकराला घाला, त्यानं खाल्ली तर मी बी माझ्या लेकराला घालते. तिथून हललीच न्हाई. पदर डोक्यावर घेऊन ओट्यावर बसून राहिली. मालकाच्या बायकोनंच शेवटी नवऱ्याला आत बोलावलं अन् चांगली ज्वारी भरली. अन् पुढंच्या साली, पहा, त्याच बाईनं हिच्यासाठी चोळीचं कापड घेऊन ठेवलं व्हतं. असं व्हतं तिचं. भांडायची बी तिथं अन् नातं बी तिथंच जोडायची. मला आजपर्यंत दोन्ही जमलं न्हाई.

भारतला तिनंच शाळंत ठेवलं, पुसेगावला, भावापाशी. मला नको व्हतं. मला मेंढरामागं हात पायजे व्हता. म्हणली, एक तरी पोरगं एका जागी झोपू द्या. पोराला सोडून निघालो तर मैल-दीड मैल नुसती नाक पुसत चालली, अन् मंग एकाएकी माझ्यावरच वसकली, की घोड्याचा पट्टा ढिला काहून बांधला म्हणून. पट्टा बराबर व्हता. म्या परत बांधला.

नातीवर मात्र लई जीव. भारतची अंजली — हिंगोली जिल्हा झाला त्या साली झाली ती, म्हणजी सात वर्साची आता. नाक्यावर शाळंत जाती. सुट्टी लागली की इथं. अन् बुढीची गंमत पहा, येवढी मेंढरं, एकसारखी दिसणारी, पण कोणतं पिलू कुणाचं, कधी चुकली न्हाई. अन् घरात नात एक, तर तिला कधी सुकन्या म्हणून हाक मारायची — सुकन्या आमची पोरगी, सेनगावकडं दिली — कधी निर्मला म्हणायची. अंजली चिडायची, आजी, मी अंजली हाय, मेंढरं ओळखती अन् मला ओळखत न्हाई? तर म्हणायची, मेंढरं हरवतात गं, तू कुठं हरवून राहिली? पोरगी खुश. रोगट पिलू असलं की तिच्या पांघरुणात घालायची. तिला म्हणायची, तुझ्या अंगाच्या गरमीनं जगलं तर तुझं. जगली बी दोनतीन. ती बसलीत त्यात. अंजलीला अजून सांगितलं न्हाई आमी इकायचं. भारत म्हणला, शाळंत असती तवाच उरकून टाकू.

गेली ती काय दुखण्यानं गेली न्हाई. दुखलं-खुपलं अंगावरच काढायची, दिसू द्यायची न्हाई, असंल काही आतून. दुपारची येळ. मी या अंगाला व्हतो, इथंच, ती पार तिकडं त्या लिंबाखाली. एका पिलाच्या लोकरीतले गोखरू काढत बसली व्हती. ऊन उतरलं. येरवी ऊन उतरलं की ती उठणार अन् कळप हलणार. त्या दिवशी हलेना. मी इथून ओरडून राहिलो — ऊठ की आता, घरी जायचं न्हाई काय, पाणी पाजायचं हाय. मला राग आला हो. आपण दमलोय अन् ही निवांत टेकून बसली, असं वाटलं. थोडा येळ बोंबललो तिच्यावर. मंग ध्यानात आलं की मेंढरं समदी तिच्याच बाजूला तोंड करून उभी हायेत. चरून राहिली न्हाईत. नुसती उभी. ते पिलू तिच्या मांडीवर तसंच, हलंना, अन् मी जवळ गेलो तर मेंढरं बाजूला होईनात, ढकलत ढकलत जावं लागलं मला. माझ्याच मेंढरांतून.

मंग काय, दहाव्याला बायांनी तिचे कपडे गाठोड्यात बांधून कयाधू नदीत सोडले. रीत हाय तशी. चतुराबाई म्हणून माझी चुलत भावजय, तिनं घराचा कोपरान् कोपरा शोधून चोळ्या-लुगडी काढली, म्हणली, मागं काय राहू देऊ नका, जीव घुटमळतो. दिली म्या. इकडं कळपाचे हाल. वाड्यातून — रातीला मेंढरं कोंडतो ना, तिथून — बाहेर निघंनात. हाका मारून माझा घसा बसला, भारत दुकान बंद करून आला, त्यानं काठी मारली, शेजारची माणसं आली — चार ओढून काढावीत तर तीन माघारी घुसतात. उपाशी बसून राहिली. पाला तोडून आणून टाकायचा, तो बी पुरंना. त्याच्यावरूनच पोरगं म्हणलं, आबा, हे तुमच्यानं होत न्हाई. बराबर म्हणलं. तवाच म्या व्हय म्हणलं तुमच्या सौद्याला. 

अन् दुसऱ्या दिवशी हे सापडलं. वाड्याच्या कोपऱ्यात नवं जलमलेलं पिलू व्हतं, त्याला गरमी म्हणून तिनं गुंडाळून ठेवलं व्हतं यात. चतुराबाईनं घर शोधलं, वाडा कोण शोधतो? लेंड्यांनी भरलेलं, ओलं. म्या उचललं अन् झटकलं. बस, झटकलं. एकच खेप. तर शेठ, मागं खुरांचा आवाज — समदी उठली. एकजात. माझ्या अंगाशी येऊन उभी राहिली, एकीनं तर नाक खुपसलं यात. मी भिंतीला टेकून तसाच उभा, हातात लुगडं, अन् तवा आलं मला रडू. दहा दिवस आलं न्हाई ते तवा आलं, लई आलं. मंग म्या हे खांद्यावर टाकलं अन् निघालो, तर मागं लागली गुमान. माळावर आली, चरली, पाणी प्याली. तवापासून रोज. गावाबाहेर यायचं, हे घ्यायचं, गाव आलं की काढायचं. वाड्याच्या तोंडाशी परत जरा झटकायचं. दुसरं काय बी करावं लागत न्हाई. काठी तर म्या आणतच न्हाई आता. हे अंगावर घेऊन मी विहिरीत उतरलो ना, तर विहिरीत उतरतील. एक मागं राहणार न्हाई.

काय? टेम्पोत?

चढतील की. टेम्पोत बी चढतील. काहून न्हाई चढणार? फळी लावली अन् मी चढलो की… व्हय. येतील. दोरी नको, माणसं नको, पाय बांधायला नको. तुमी दोघंच आले अन् मला तेच कळंना, की एवढा माल दोघं कसा चढवणार. व्हय, सोपं हाय. भारत यायच्या आत होऊन जाईल, बराबर हाय तुमचं. त्याला बी तकलीफ न्हाई. मी पुढं चालतो, फळीवरून वर, अन् मंग मी त्या बाजूनं खाली उतरतो. तुमी दार लावायचं. व्हय…

कुठं जाणार ही? हैदराबादला? न्हाई, तसं काय न्हाई, म्हाईत हाय मला, मी काय लेकरू हाय काय. आमी जलमभर मेंढरं इकली. नर इकायचे, माद्या ठेवायच्या, बापानं केलं, आज्यानं केलं, मटन आमी बी खातो. त्याचं पाप-बिप मी मानत न्हाई, तुमी बी मानू नका, तुमचा धंदा हाय. तसं न्हाई ते. बसा जरा. डायवर येऊ द्या.

तुमी इचारलं न्हाई मला, पण इचारायला पायजे व्हतं. मेंढरं माणसाच्या हाकंवर चालतात, समद्या मुलखात हाकंवर चालतात. ही लुगड्यावर काहून? हाकंवर काहून न्हाई?

पैले तिची हाक व्हती. लांबून ऐकू यायची, चढी, शेवटाला जराशी मोडलेली. पोरांना बी तीच, मेंढरांना बी तीच, वेगळी न्हाई. किल्लारीचा भूकंप झाला ना, आपल्याकडं बी रातून भांडी वाजली व्हती, त्याच सालच्या हिवाळ्यात, आमी कळमनुरीकडं व्हतो. माझा पाय मोडलेला. बांधाच्या चरीत पडलो, एका माणसानं बांबूच्या कामट्या लावून बांधून दिला, मी पालात पडून. अन् नर इकायची येळ आलेली, बाजार धरायचा व्हता. येरवी ते काम माझं. गळ्यात दोऱ्या घालायच्या, ओढत न्यायचे, ते पाय रोवतात, आपण शिव्या देतो, असं करत बाजारात पोचायचं. तिला ते ओढणं जमणार न्हाई. म्हणली, मी नेते माझ्या परीनं. सुकन्याला बरोबर घेतलं, येवढी व्हती, आठ-नऊ वर्साची. अन् निघाली हाक घालत. नर मागं. दोरी न्हाई. कळमनुरीच्या भरल्या बाजारातून, जीपा, बैलगाड्या, भाजीवाल्या, हलवायाची दुकानं — त्यातून ही पुढं अन् नर रांगंनं मागं. लोक थांबून पाहाय लागले. म्हणले, बाई, काय शिकवलं जनावर. तिला बरं वाटलं हो. का न वाटावं? मला सांगितलं तिनं की बरं वाटलं. पदर सारखा करून घेतला म्हणे, मान वर करून चालली.

घेणाऱ्यानं आपल्या वाड्याचं दार उघडलं. ही आत गेली, नर आत. ही बाहेर आली, त्यानं दार लावलं. झालं काम. येवढं सोपं काम त्या माणसानं बी कधी पाहिलं नसंल. सुकन्या मागं राहिली व्हती, बांगड्यांच्या दुकानापाशी. हिनं रस्त्यावर उभं राहून पोरीला हाक घातली. रोजच्यासारखी.

तर आत दाराला धडका बसाय लागल्या.

समदे आतून ओरडून राहिले. हाक त्यांना वाटली ना. आपल्याला बोलावलं, वाटलं. त्या माणसानं बाहेरून दाराला पाठ लावली, म्हणला, बाई, जा तू आता इथून, जा लवकर. ही पोरीचा हात धरून पळाली. पळाली म्हणे खरंच, बाजारातून, डोक्यावरचा पदर पडला त्याचं भान न्हाई. सुकन्या मागून रडून राहिली, बांगड्या काहून न्हाई घेतल्या म्हणून.

माघारी आली, मीठ-मिरची आणली व्हती ती ठेवली. दुसऱ्या दिवशी मेंढरं सोडायची येळ झाली अन् हाक ऐकू आली न्हाई. मी पालातून म्हणलं, काय झालं? तिनं पदर हातात घेतला अन् झटकला. मेंढरं गोंधळून उभी. परत झटकला. लई दिवस लागले त्यांना शिकवायला, पळायची, मागं राहायची, मी वैतागलो, म्हणलं हाक घाल की बये, घशाला काय झालं? तवा सांगितलं तिनं समदं, पाठमोरी बसून, एकदाच. अन् म्हणली, ती हाक आता न्हाई घालायची. अन् न्हाई घातली. त्याच्यावर बारा-तेरा वर्सं जगली ती. पोरांना बी न्हाई. अंजली लांब खेळायची, जेवायला बोलवायचं तर ही उठून तिथवर चालत जायची, हाताला धरून आणायची. सून म्हणायची, आत्याबाई, आवाज द्या की, कशाला पाय दुखवून घेता. ती हसायची. निर्मलाला म्हाईत न्हाई. भारतला म्हाईत न्हाई. सुकन्याला बांगड्याचं आठवतं फक्त. मला म्हाईत, अन् आता तुमाला सांगून बसलो, काहून सांगितलं कुणास ठावूक. अन् त्याच्यानंतर नर न्यायचे तवा मी एकेक खांद्यावर टाकून न्यायचो, तिच्या डोळ्याआड. तिनं कधी नेऊ नका म्हणलं न्हाई. संसार कशावर चालतो ते तिला बराबर म्हाईत व्हतं. फक्त तिचं म्हणणं, माझ्यामागं आलेलं जनावर मी दारात सोडून येणार न्हाई, येवढंच.

ही जी बसलीत समोर, यांनी तिची हाक ऐकलीच न्हाई कधी. यांना पदरच म्हाईत.

आला का डायवर? फळी काढून राहिला. त्याला म्हणावं राहू दे, परत घाल आत.

न्हाई, रागावू नका. तुमाला फेरा पडला, मला कळतं. डिझेल जळलं, दिवस गेला. भारत ओरडंल माझ्यावर, अन् त्याचं बराबर असंल, माझ्या भल्यासाठीच करून राहिलं पोरगं. मला बी उद्यापासून परत हेच — हे गुडघे, हा माळ, हे ऊन. मला हौस न्हाई हो शेठ. पंख्याखाली पडायला मला काय वाईट वाटलं असतं? पण तुमी म्हणता तसं मी चालू लागलो ना फळीवरून, तर वर चढणारा नामाजी नसंल. त्यांना कोण दिसंल? तीच दिसंल. जे तिनं तेरा वर्सं टाळलं, ते मी तिच्याच लुगड्यात करायचं अन् त्या बाजूनं खाली उतरायचं. माझ्यानं व्हायचं न्हाई ते. माणसं घेऊन या. चार-सहा माणसं, दोऱ्या. ओढा, पाय बांधा, खांद्यावर टाका, आमच्या बापानं इकली तशी न्या. मी अडवणार न्हाई. पण त्याच्या आधी मला हे कयाधूत सोडून येऊ द्या. कवा सोडता म्हणता? ते मला इचारू नका. सोडलं की भारतला सांगतो, त्यो तुमाला फोन लावंल.

निघा तुमी आता. डायवरला म्हणावं पुलावर खड्डा हाय, डाव्या अंगानं घे. पावणे तुमी, रस्त्यापर्यंत सोडायला यायला पायजे मी, आमच्यात तशी रीत हाय. हे काढून ठेवावं अन् यावं, तर आज ते बी हातून व्हायचं न्हाई. वाईट वाटून घेऊ नका शेठ. मी इथूनच राम राम करतो — मी उठलो की ही समदी उठतील.